साधनं फुकट आहेत, मग वीस हजार डॉलर कशाचे?

न्यू जर्सीतल्या एका मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय, मूळ साधनांवरून (त्या काळची पत्रं, फोटो, नकाशे) इतिहास शिकवण्यासाठी ग्रँट देते, वीस-पंचवीस हजार डॉलरच्या घरात, असं कळलं. मला सातवीच्या वर्गासाठी टॅबलेट, एक बरा स्कॅनर आणि मुलांची वॉशिंग्टनची सहल एवढं हवंय. अर्ज तीन आठवड्यांत पाठवायचा ठरवलंय. मी एकटीच आहे, व्हिसावर आहे, प्रपोजल कधी लिहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात अर्जापासून करू नका. तुमच्या यादीतल्या तीनही गोष्टी या ग्रँटमध्ये बसवायला निघालात तर तीन आठवडे वाया जातील आणि वर मनाला लागेल. मला लागलं होतं. मी चौदा वर्षं आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवला, मग एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, अभ्यासक्रम विभागात गेले. आजवर पाच प्रपोजलं लिहिली, त्यातली तीन मंजूर झाली, आणि दोनदा दुसऱ्यांची प्रपोजलं तपासायलाही बसले. नामंजूर झालेल्यांतलं पहिलं जवळजवळ तुमच्या यादीसारखंच होतं. त्यावर तपासणाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती, तिचा मतितार्थ असा की या सगळ्या वस्तू आल्यावर शिक्षक सोमवारी सकाळी वर्गात वेगळं काय करतील हे कुठे दिसत नाही. तेव्हा राग आला होता. आज मी तपासायला बसले तर मीही तेच लिहीन.

आधी हे पैसे कशासाठी असतात ते नीट बघू. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'टीचिंग विथ प्रायमरी सोर्सेस' हा कार्यक्रम २००६ पासून चालू आहे. त्यासाठीचा पैसा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, देते. छोट्या अनुदानांसाठी देशाचे तीन विभाग केलेत आणि प्रत्येकाचं काम एका विद्यापीठाकडे आहे: पूर्वेला पेनसिल्व्हेनियातलं वेन्सबर्ग, मध्य-पश्चिमेला इलिनॉय स्टेट, पश्चिमेला डेन्व्हरचं मेट्रोपॉलिटन स्टेट. न्यू जर्सी पूर्व विभागात येतं. हे पैसे व्यक्तीला मिळत नाहीत, संस्थेला मिळतात. म्हणजे डिस्ट्रिक्ट, विद्यापीठ, ग्रंथालय, संग्रहालय, इतिहास मंडळ वगैरे. आणि ते प्रामुख्यानं शिक्षकांच्या शिकण्यासाठी असतात: कार्यशाळा, त्यातून तयार होणारे पाठ आणि ते पाठ वर्गात करून बघणं.

असं का, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप जागेवर पडतं. लायब्ररीनं आपली लाखो साधनं स्कॅन करून जगाला फुकट वाचायला ठेवलीत. छायाचित्रं, नकाशे, पत्रं, जुनी वर्तमानपत्रं, ध्वनिमुद्रणं, सगळं. साधनांचा तुटवडा नाहीच. तुटवडा आहे तो शिक्षकाच्या वेळेचा. जेफरसनच्या हस्ताक्षरातला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा खर्डा कुणालाही मोठा करून बघता येतो. पण त्यातली एखादी खोडाखोड बेचाळीस मिनिटांच्या तासात कशी वापरायची, हे ठरवायला चार शिक्षकांनी एकत्र बसावं लागतं. त्या बसण्याला या देशात पैसे पडतात. सुट्टीत बसलात तर मानधन, शाळेच्या दिवशी बसलात तर बदली शिक्षकाचा पगार. ग्रँट आहे ती यासाठी.

त्या खर्ड्याचं निघालंच आहे म्हणून सांगते. एका जागी जेफरसननं आधी 'प्रजा' या अर्थाचा शब्द लिहिला होता. शाई ओली असतानाच तो पुसून त्यावर 'नागरिक' लिहिलं. खालचा शब्द लायब्ररीच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये खास प्रकाशतंत्रानं वाचून काढला. आठवीच्या मुलांना मी हे कधी 'सांगितलं' नाही. खालचा शब्द काय असेल ते त्यांनाच ओळखायला लावायचे. दहा मिनिटं वर्गात नुसता गलका चालायचा. 'राजा', 'गुलाम', 'इंग्रज', काय वाट्टेल ते यायचं. मग उत्तर कळलं की एखादा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणायचा, "म्हणजे त्याला सवय होती." त्या वाक्यात अख्खा धडा आला. शाळेला यासाठी टॅबलेट लागला नाही, एक छापील कागद पुरला.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ग्रँट सांभाळणारं ऑफिस आहे का, की बिझनेस ऑफिसमधला एकच माणूस सगळं बघतो? सातवी-आठवीला इतिहास शिकवणारे शिक्षक एकूण किती, तीन की तीस? मुख्याध्यापकांना यात रस आहे का, की ते नुसतं 'गो अहेड' म्हणून मोकळे होतात? यांची उत्तरं मला माहीत नसल्यामुळे मी एकच रस्ता दाखवू शकत नाही. डिस्ट्रिक्ट लहान असेल, तीनच शिक्षक असतील, तर तुम्ही मुख्य अर्जदार होऊच नका. शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टना घ्या किंवा काउंटीच्या ऐतिहासिक संस्थेला नाहीतर कॉलेजच्या शिक्षणशास्त्र विभागाला अर्जदार करून त्यांच्यात सामील व्हा. डिस्ट्रिक्ट मोठं असेल तर वरच्या माणसाला पटवायला वेळ जाईल, पण एकदा पटलं की हिशेबाची कटकट त्याची, शिकवण्याचं काम तुमचं.

व्हिसाची काळजी मात्र वेगळी काढून ठेवा. ग्रँट संस्थेच्या नावावर असते, त्यामुळे अर्जात तुमच्या नागरिकत्वाचा प्रश्न सहसा येत नाही. पण कार्यशाळेचं मानधन कोण देणार हे बघा. तुमच्याच डिस्ट्रिक्टकडून, पगाराच्या पद्धतीनं मिळालं तर एक गोष्ट. दुसऱ्या संस्थेनं चेक फाडला तर वेगळी. एच-वन-बी असेल तर ज्यानं अर्ज केला त्याच मालकाकडे काम, हा नियम आहे. काहीही घेण्याआधी एचआरला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर झालेलं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

आता मुख्य भाग. प्रपोजल लिहिण्याआधी एक साधन निवडा. एकच. आणि त्यावर एक तास प्रत्यक्ष घेऊन बघा. माझ्या अनुभवात चांगल्या आणि कच्च्या प्रपोजलमधला फरक इथेच पडतो. कच्च्यात 'एकविसाव्या शतकातील कौशल्ये' असतात आणि 'चिकित्सक विचार' असतो. मी दोन संध्याकाळी आठ प्रपोजलं वाचली होती, पाचव्यापर्यंत कुठलं कोणत्या राज्याचं हे सांगता येईना. चांगल्यात असं असतं: "आम्ही हा फोटो दाखवला, मुलांनी हे प्रश्न विचारले, तिसऱ्या प्रश्नाला आम्ही शिक्षकच अडलो, म्हणून आम्हाला अमुक शिकायचंय." वाचणारा तिथे सावरून बसतो.

तुमच्यासाठी मी एक साधन सुचवते, ते आपल्या घरचं आहे. आनंदीबाई जोशी आणि तिच्या दोन सहाध्यायी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली, यांचा फिलाडेल्फियात काढलेला फोटो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्यात. आपण सगळ्यांनी तो कधी ना कधी फॉरवर्ड केलाय. मूळ प्रत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, कारण वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचा वारसा पुढे त्यांच्याकडे आला. फोटोची तारीख १० ऑक्टोबर १८८५ अशी नोंदवलेली आहे. आता खालची नावं बघा. तिघींच्या नावांआधी 'डॉक्टर' लिहिलंय. आनंदीबाईला पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामीला १८८९ मध्ये, इस्लामबूलीला १८९० मध्ये. मग १८८५ च्या फोटोवर तिघी डॉक्टर कशा?

सातवीच्या मुलांना एवढा धागा पुरतो. फोटो आधीचा, मजकूर नंतरचा, हे ती स्वतः काढतात. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: नंतर म्हणजे कधी, आणि कुणी लिहिला? आणखी एक गंमत आहे. आनंदीबाईच्या नावापुढे गाव आहे ते सेरामपूर, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. माहेर कल्याणचं, मग हे बंगालमधलं सेरामपूर कुठून आलं? गोपाळराव पोस्टात होते, त्यांची तिथे बदली झाली होती आणि १८८३ मध्ये ती कलकत्त्याहूनच बोटीनं निघाली. मराठी माणसालासुद्धा इथे क्षणभर थांबावं लागतं. लिहिणाऱ्यानं तिला तिच्या शेवटच्या पत्त्यावरून ओळखलं, आपण तिला माहेरच्या गावावरून ओळखतो. साधन कुणी, कुणासाठी, कधी लिहिलं हे विचारायला शिकवायचं म्हणजे एवढंच शिकवायचं.

एक अडचण आहे. हा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नाही, आणि ग्रँट त्यांची आहे म्हटल्यावर त्यांचे संग्रह पाठाच्या मध्यभागी असले पाहिजेत. दुसऱ्या संग्रहातलं किंवा गावातलं साधन जोडीला घेता येतं, पण कणा त्यांचा. म्हणून जोड्या लावा. लायब्ररीच्या संग्रहात १८८२ च्या एप्रिलमधलं एक व्यंगचित्र आहे. स्वातंत्र्याच्या सोनेरी दरवाजाबाहेर एक चिनी माणूस बसलाय, आणि शेजारच्या पाटीवर कम्युनिस्टांपासून गुंडांपर्यंत सगळ्यांचं स्वागत आहे, चिनी माणसाला मात्र मज्जाव. त्याच वर्षी मे महिन्यात चिनी मजुरांवर बंदी घालणारा कायदा झाला. आणि जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरली. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की मुलं विचारतात, "तिला कसं येऊ दिलं?" उत्तर देऊ नका. कायदा कुणावर होता, मजुरांवर की सगळ्यांवर, चिनी लोकांवर की सगळ्या आशियाई लोकांवर, हे त्यांना शोधू द्या.

आणि इथेच तुमच्या प्रपोजलची 'गरज' तयार झाली. न्यू जर्सीनं जानेवारी २०२२ मध्ये आशियाई-अमेरिकन इतिहास शाळांत शिकवणं कायद्यानं आवश्यक केलं. कायदा झाला, पण तुमच्या शाळेतल्या किती शिक्षकांनी स्वतः हा इतिहास शिकलाय? शाळेत विचारा, हात वर करायला सांगून मोजा, आणि तोच आकडा अर्जात घाला. 'राष्ट्रीय पातळीवर इतिहासाची स्थिती चिंताजनक आहे' यापेक्षा 'आमच्या अकरापैकी नऊ शिक्षकांनी हा विषय कधी शिकवलेला नाही' हे वाक्य शंभर पटींनी जड पडतं. अकरा आणि नऊ हे मी उदाहरणाला घेतले, तुमचे तुम्ही मोजा.

पद्धतीबद्दल थोडं. लायब्ररीचं स्वतःचं एक साधं साधन-विश्लेषणाचं कोष्टक आहे, त्याचे तीन रकाने: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय प्रश्न पडतात. अर्जात ते वापरा असं कुणीही सांगेल. मी एवढंच जोडते की पहिल्या रकान्यावर घाई करू नका. लुईस हाइननं काढलेले बालमजुरांचे फोटो घ्या. नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी तो १९०८ पासून गिरण्या, खाणी, शेतं पालथी घालत फिरला आणि त्या संग्रहाचे पाच हजारांवर फोटो लायब्ररीकडे आहेत. त्यातला साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरच्या कापड गिरणीतला एक मी नेहमी वापरायचे. चात्यांच्या लांबच लांब रांगेपुढे एक लहान मुलगी. मथळ्यात हाइननं तिची उंची लिहिलीय, ४८ इंच, आणि सहा महिने काम करतेय असंही.

एका वर्षी माझ्या कार्यशाळेतल्या एका शिक्षिकेनं हा फोटो मथळ्यासकट पडद्यावर लावला. मुलांनी मथळा वाचला, 'बिचारी' म्हटलं, आणि बघणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गात तिनं मथळा कापून टाकला आणि एकच विचारलं, "ही केवढी असेल?" मुलं यंत्राच्या उंचीशी तुलना करायला लागली, एकजण उठून फळ्याशी जाऊन उभा राहिला, खिडक्या मोजल्या, मागची बाई दिसली. मग मथळा दिला. तेव्हा प्रश्न आला तो खरा: "यानं उंची का मोजली? वय का नाही लिहिलं?" वय कुणीही खोटं सांगू शकतं, मालक, आईबाप, ती स्वतः. उंची हाइन डोळ्यांनी बघू शकत होता. पुरावा गोळा करणारा माणूस कसा विचार करतो हे मुलांना पुस्तकातल्या परिच्छेदावरून कळलं नसतं. माझ्या दुसऱ्या प्रपोजलमध्ये मी हीच गोष्ट, मथळ्यासह आणि मथळ्याविना, दोन परिच्छेदांत लिहिली. ते मंजूर झालं.

शोधाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण शिक्षकांचा अर्धा वेळ तिथे जातो. जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात 'इंडियन' टाकलंत तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या बातम्यांचा डोंगर कोसळेल. त्या काळी आपल्याकडून आलेल्या सगळ्यांना, अगदी पंजाबातल्या शिखांनासुद्धा, तिथली वर्तमानपत्रं 'हिंदू' म्हणत आणि त्याचं स्पेलिंगही दोन 'ओ' घालून करत. आनंदीबाई तिथे स्वतःचं आडनाव शेवटी दोन 'ई' लावून लिहायची. आजचा शब्द टाकून कालचा कागद सापडत नाही. कार्यशाळेचा पहिला अर्धा दिवस मी याच्यावर घालवते आणि कुणीही तो वाया गेला म्हटलेलं नाही. 'साधनं' हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे तो इतिहासकार वि. का. राजवाड्यांमुळे. १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा त्यांना घरोघरी जाऊन दप्तरं मागावी लागत होती. आपल्याला निदान पायपीट नाही, पण कुठल्या शब्दानं दार वाजवायचं ते शिकावंच लागतं.

आता पैसे. माझ्या एका जुन्या अर्जाचा सांगाडा देते, आकडे थोडे गोल केलेत. बारा शिक्षक, उन्हाळ्यात तीन दिवस आणि वर्षभरात दोन शनिवार, म्हणजे पाच दिवस. दिवसाला १५० डॉलर मानधन धरलं तर माणशी ७५०, एकूण ९,०००. बाहेरून मार्गदर्शक ३,०००. एका संग्रहाला भेट देण्यासाठी बस १,२००. मूल्यमापन १,५००. समन्वयकाचा वेळ २,५००. छपाई आणि किरकोळ ६००. झाले १७,८००. त्यावर डिस्ट्रिक्टचा वरखर्च दहा टक्के, १,७८०. एकूण १९,५८०. यात वस्तू दिसतायत का? निम्म्याच्या आसपास रक्कम शिक्षकांच्या हातात जाते आणि तपासणारे तेच बघतात. मानधनाचा दर मनानं घालू नका. युनियनच्या करारात तो लिहिलेला असतो, तिथूनच घ्या, नाहीतर मंजूर झालेल्या पैशावर शाळेतच भांडण लागतं. वरखर्चाचा टक्काही बिझनेस ऑफिसला विचारा, दर मध्यंतरी बदललेत.

जेवणाचा खर्च घालायची इच्छा सगळ्यांना होते. सरकारी पैशात तो ओढूनताणून बसवू नका. पीटीएला सांगा, ते आनंदानं देतात.

मूल्यमापनाला लोक घाबरतात. आकडेवारीचं मोठं प्रकरण करायची गरज नाही. प्रत्येक शिक्षकानं कार्यशाळेआधी वर्गातल्या पाच मुलांचं काम आणायचं आणि सहा महिन्यांनी त्याच पाच मुलांचं पुन्हा आणायचं, साधन वेगळं पण प्रश्न तेच. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं: मुलानं साधन कुणाचं हे विचारलं का? दुसऱ्या साधनाशी ताडून बघितलं का? इतिहास-शिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकार आणि हुशार शाळकरी मुलं तेच कागद कसे वाचतात याची तुलना मांडली होती. इतिहासकार आधी कागद कुणाचा हे बघत, मुलं सरळ वरून खाली वाचत सुटत. तुमचं मूल्यमापन एवढी एक सवय मोजू शकलं तरी पुष्कळ.

काही ठिकाणी घाई चालत नाही. केंद्राचे पैसे घ्यायला संस्थेचा एक ओळख क्रमांक लागतो, २०२२ पासून तो सॅम डॉट गव्ह या सरकारी नोंदणीतून मिळतो. डिस्ट्रिक्ट आधीपासून केंद्राचं अनुदान घेत असेल तर तो त्यांच्याकडे असतोच, पण छोट्या ऐतिहासिक संस्थेकडे बहुधा नसतो आणि नोंदणीला आठवडे जाऊ शकतात. मग शाळा मंडळाची बैठक. पैसे स्वीकारायचा ठराव तिथे व्हावा लागतो आणि ती महिन्यातून एक-दोनदाच असते. माझं एक मंजूर अनुदान केवळ अजेंड्यावर वेळेत न गेल्यामुळे उन्हाळा हुकलं. बारा शिक्षकांना "पुढच्या वर्षी" असं सांगताना फार वाईट वाटलं. त्यातले चार पुढच्या वर्षी आलेच नाहीत. बऱ्याच अनुदानांत पैसे आधी खर्च करून मग परत मिळतात, हेही बिझनेस ऑफिसच्या कानावर आजच घाला.

आणि सरकारी पैशाचा भरवसा किती ठेवायचा? शिक्षण खात्याचा 'टीचिंग अमेरिकन हिस्टरी' हा मोठा कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि दशकभर चालून बंद पडला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नॅशनल एंडावमेंट फॉर द ह्युमॅनिटीजनं आधीच मंजूर केलेली शेकडो अनुदानं अर्ध्यावर तोडली. म्हणून प्रपोजल असं आखा की पैसे थांबले तरी पहिल्या तीन दिवसांत तयार झालेले पाठ शिक्षकांच्या हातात राहतील. सगळं शेवटच्या 'सादरीकरण समारंभा'वर लटकवू नका.

तुमच्या मूळ यादीचं काय? टॅबलेट आणि स्कॅनर डोनर्सचूज या शिक्षकांसाठीच्या देणग्यांच्या वेबसाइटवर टाका किंवा गावच्या एज्युकेशन फाउंडेशनकडे मागा. तिथे एका शिक्षिकेनं, एका वर्गासाठी, वस्तू मागणं हेच अपेक्षित असतं. खरं सांगू का, स्कॅनर लागणार नाही. फोनचा कॅमेरा आणि खिडकीजवळचं टेबल पुरतं. वॉशिंग्टनची सहल मात्र मला पटत नाही, निदान या कामासाठी. मुलं लायब्ररीचा घुमट बघून येतील, फोटो काढतील, पण मूळ कागद काचेमागे असतो आणि रांग मागून ढकलत असते. त्यापेक्षा फिलाडेल्फिया जवळ आहे, आणि तुमच्या काउंटीतल्या ऐतिहासिक संस्थेत एखादा खोका उघडून खरी पत्रं हातमोज्यांशिवाय, धुतलेल्या हातांनी धरू देतात का ते विचारा. हो, कागदाला हातमोजे बहुतेक ठिकाणी नकोच म्हणतात, फोटोंना मात्र लागतात.

तीन आठवड्यांत काय करता येईल ते सांगते. या आठवड्यात आनंदीबाईच्या फोटोवर, मथळा झाकून, एक तास घ्या आणि मुलांचे प्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवा, स्पेलिंगच्या चुकांसकट. ड्रेक्सेलच्या संग्रहाला वापराच्या परवानगीबद्दल ईमेल टाका. पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन अभ्यासक्रम विभागातल्या माणसाला भेटा, आणि मग वेन्सबर्गच्या विभागीय कार्यालयाला फोन करा. ही माणसं अर्ज येण्याआधी बोलायला तयार असतात आणि पाच मिनिटांत सांगतात की कल्पना त्यांच्या चौकटीत बसते की नाही. फोनवर "मला ग्रँट हवीय" असं सुरू करू नका. मुलांनी विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न वाचून दाखवा. तिसऱ्या आठवड्यात अर्ज तयार नसेल, आणि बहुधा नसेलच, तर पुढच्या फेरीला द्या. तोवर तुमच्याकडे दोन-तीन वर्गांतले प्रश्न जमलेले असतील आणि शेजारच्या वर्गातली एखादी शिक्षिका "मलापण तो फोटो दे" म्हणत दारात उभी असेल. अर्जात तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहा.